टक्का घसरला तरी चालेल, पण बाळांची यादी खरी करा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महानगरपालिकांचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी

विषय: बालकांच्या नियमित लसीकरणात घरोघरच्या नोंदीवर आधारित जबाबदारी निश्चित करण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

नोकरीची बहुतेक वर्षे ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि शेवटची काही वर्षे शहरी आरोग्य सेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून घालवल्यानंतर, निवृत्त झालेला एक डॉक्टर या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. लसीकरण कमी का पडते, असे विचारले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात: लोकांचे अज्ञान आणि कर्मचाऱ्यांची कमतरता. दोन्हींत तथ्य आहे. तरीही मला वाटते की खरे दुखणे टक्केवारीच्या छेदात आहे. किती बाळांना लस दिली हा अंश आपण महिन्याच्या महिन्याला तपासतो, पण मुळात बाळे किती होती आणि ती कोणाची, कुठली, हे आपल्याला पुष्कळ ठिकाणी ठाऊकच नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी पूर्ण लसीकरण झालेली सुमारे ५६ टक्के होती. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२० च्या सुमारास, ते प्रमाण ७३ टक्क्यांच्या पुढे गेले. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय राबलेल्या माणसांना दिलेच पाहिजे. परंतु त्याच फेरीत देशाची सरासरी ७६ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे जगाला सर्वाधिक लसमात्रा पुरवणारी कंपनी ज्या राज्यातल्या पुण्यात आहे, हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस ज्या राज्याच्या राजधानीत तयार केली, ते राज्य सरासरीच्याही खालीच राहिले. आणखी एक गोष्ट अशी की, घरोघरी जाऊन केलेली पाहणी असे आकडे देत असताना, केंद्रांकडून वर जाणाऱ्या मासिक अहवालांत कित्येक तालुके नव्वदीच्या पुढे, आणि अधूनमधून चक्क शंभराच्या वर दिसतात. शंभरातली एकशे चार बाळे लसवंत कशी झाली, हा प्रश्न आढावा बैठकीत सहसा कोणी विचारत नाही, कारण तो तालुका पडद्यावर हिरव्या रंगात दिसत असतो.

हे घडते त्याचे कारण साधे आहे. केंद्राला मिळणारे उद्दिष्ट हे लोकसंख्येला जन्मदराने गुणून काढलेले असते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे या गणिताचा पाया आजही २०११ च्या आकड्यांवरचा अंदाज आहे. त्या काळात औद्योगिक वसाहतींभोवतीची गावे दुपटीने फुगली, तर मराठवाड्यातली कित्येक गावे वर्षातील पाच-सहा महिने निम्मी रिकामी होऊ लागली. अंदाज जिथे कमी पडला तिथे शंभराच्या वर टक्का येतो आणि न दिसलेली बाळे त्याच्याखाली झाकली जातात. अंदाज जिथे जास्त झाला तिथे प्रामाणिक एएनएमला (उपकेंद्राच्या आरोग्यसेविका सिस्टरला) नसलेली बाळे शोधत फिरावे लागते, आणि ती सापडली नाहीत म्हणून खुलासाही द्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम किती आहे ते पाहू. आपल्या राज्याचा जन्मदर हजारी सुमारे १५ आहे. ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, म्हणजे एका आशाताईंच्या वस्तीत वर्षाला पंधराएक बाळे जन्माला येतात आणि दोन वर्षांखालची बाळे धरली तर तीसएक होतात. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला पंचाहत्तर, तीस हजारांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साडेचारशे. तीस नावे शाळेच्या वहीच्या एका पानावर मावतात. ही यादी अंदाजाने काढण्याचे काही कारणच नाही. ती नावानिशी करता येते आणि दर सहा महिन्यांनी दारोदार फिरून पुन्हा पडताळता येते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, तेव्हा त्या कामाचा कणा हाच होता: गावातली प्रत्येक गरोदर बाई आणि प्रत्येक मूल कोणाच्या तरी ध्यानात असणे. पोलिओच्या काळात आपणही तेच केले. घराच्या भिंतीवर खडूने खुणा केल्या, जिथे मूल सुटले तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, स्टेशनांवर आणि एसटी स्टँडवर बूथ लावले, आणि जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही. दोन थेंबांसाठी जे जमले ते टोचायच्या लसींसाठी आपण कायमचे अंगी बाणवले नाही, कारण ती मोहीम होती आणि हे रोजचे काम आहे.

यादी नावानिशी करा असे म्हणणे सोपे आहे, पण ती कुठे फाटते ते जवळून पाहिल्याशिवाय आदेश काढण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, तिथल्या ग्रामीण रुग्णालयात बाळंत होते, आणि बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस व काविळीची पहिली लस तिथेच मिळते. त्या वेळी बाळाला नाव नसते, म्हणून रजिस्टरमध्ये ‘बेबी ऑफ सुनीता’ अशी नोंद होते, आणि सुनीताच्या पुढे कधी माहेरचे आडनाव लागते तर कधी सासरचे. दीड महिन्याची लस बहुधा माहेरच्या अंगणवाडीत होते. मग काही आठवड्यांनी ती सासरी जाते. माहेरच्या आशाताई नावापुढे ‘स्थलांतरित’ असे लिहून मोकळ्या होतात. सासरच्या आशाताईंच्या वहीत ती ‘गरोदर माता, माहेरी गेली’ अशी असते आणि बाळ घेऊन परत आली हे त्यांना कोणी कळवलेले नसते. बारशात मिळालेल्या नावाने बाळाची नवी नोंद झालीच, तर एकच बाळ दोन गावांत दोन नावांनी नांदते, एकीकडे अपूर्ण आणि दुसरीकडे नव्याने आलेले. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या मात्रा याच फटीत जातात. या बाळाच्या आईला लसीविषयी शंका नाही, तिच्याकडे एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड) आहे, तिने एकदा नव्हे दोनदा लस घेतली आहे. अशा आईसाठी जनजागृतीचे पथनाट्य करून काही साधत नाही. तिच्यासाठी एका आशाताईंनी दुसऱ्या आशाताईंना एक फोन करण्याची गरज आहे आणि तो फोन करणे हे कामाचा भाग म्हणून लिहून ठेवण्याची गरज आहे. ‘स्थलांतरित’ हा शेरा समोरच्या गावाने बाळ आपल्या यादीत घेतल्याचे कळेपर्यंत मान्य करू नये, एवढा एकच नियम केला तरी फरक पडेल.

शहरांत ही फट दरीएवढी होते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार पन्नास हजार लोकसंख्येला एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दहा हजारांमागे एक एएनएम अपेक्षित आहे. मुंबईच्या एम पूर्व विभागात (गोवंडी-मानखुर्द परिसरात) २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांहून अधिक लोक होते, म्हणजे त्या एका विभागात वर्षाला बाराएक हजार बाळांची नावे हाताशी असायला हवीत. तिथल्या गल्ल्यांत भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते, पोटमाळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला स्वतंत्र घरनंबर नसतो, आणि बाईने दिवसभर जरीकामाचे किंवा भंगार निवडण्याचे काम सोडून दुपारी बारापर्यंत आरोग्य केंद्र गाठावे अशी आपली अपेक्षा असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली, तेव्हा केंद्र सरकारचे पथक आले, राज्याने कृती दल नेमले, वस्तीवस्तीत सर्वेक्षण झाले आणि लस न मिळालेली मुले मोठ्या संख्येने सापडली. मालेगाव आणि भिवंडीतही तेच झाले. जी मुले उद्रेकानंतर काही दिवसांत सापडली, ती त्याआधी तिथेच राहत होती. उद्रेकानंतरचे सर्वेक्षण जर शक्य होते, तर ते उद्रेकाआधी दर सहा महिन्यांनी का शक्य नाही, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

गोवराचे गणित इथे थोडे सविस्तर मांडतो, कारण ते समजले नाही तर नव्वद टक्के हा आकडा समाधानकारक वाटू लागतो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या पहिल्या मात्रेने साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळते. शंभरातल्या नव्वद बाळांना ती मिळाली, तर प्रत्यक्षात संरक्षित होतात सुमारे ७६. उरलेली २३-२४ बाळे गोवराला मोकळी राहतात. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत नीट दिली गेली नाही, तर पुढच्या वर्षी आणखी २३-२४ त्यांच्यात भर घालतात, आणि चार वर्षांत एका संपूर्ण वर्षाच्या बाळांइतकी मुले त्या वस्तीत असुरक्षित जमा होतात. गोवराचा एक रुग्ण कोणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, म्हणूनच दोन्ही मात्रांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर लागते, आणि तेही जिल्ह्याच्या सरासरीत नव्हे, प्रत्येक वस्तीत. २०२० आणि २०२१ मध्ये सगळी यंत्रणा कोविडकडे वळली होती. त्या दोन वर्षांत सुटलेली बाळे आणि आधीची शिल्लक यांची बेरीज २०२२ मध्ये समोर आली. वॉर्डाचा टक्का बरा असतानाही त्यातल्या एका वस्तीत उद्रेक होऊ शकतो तो यामुळेच. देशाने गोवर-रुबेला निर्मूलनाचे २०२३ चे लक्ष्य २०२६ वर नेले त्यामागे हेच साठलेले कर्ज आहे.

आता लसीकरण सत्रात घडणाऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती घडवणाऱ्या कोणत्याही सिस्टरना मी दोष देणार नाही. अंगणवाडीच्या ओट्यावर व्हॅक्सिन कॅरिअर उघडून ठेवलेला असतो, आइसपॅकवर कुप्या मांडलेल्या असतात, आशाताई ड्यू लिस्ट (लस द्यायच्या बाळांची यादी) हातात घेऊन नावे पुकारत असतात. दहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन एक बाई येते. तिने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली आहे. सिस्टर कार्ड पाहतात आणि म्हणतात, “एमआरची व्हायल आज फोडलेली नाही, एकाच बाळासाठी कशी फोडू? पुढच्या सत्राला या.” पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) किंवा पोलिओची उघडलेली कुपी योग्य तापमानात राहिली तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. गोवर-रुबेला (एमआर) आणि बीसीजीचे तसे नाही. त्या द्रावण मिसळल्यावर चार तासांत टाकून द्याव्या लागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या कुपीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेतते. म्हणजे एका बाळासाठी कुपी उघडली की उरलेल्या मात्रा वाया जाणार हे ठरलेलेच असते. मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की एकच लाभार्थी आला तरी कुपी उघडावी. मात्र महिन्याच्या बैठकीत लस वाया जाण्याच्या प्रमाणावरून सिस्टरना उभे केले जाते आणि परत पाठवलेल्या बाळांचे प्रमाण कोणी विचारतच नाही, कारण तो रकाना अहवालात नसतो. कर्मचारी सूचनेप्रमाणे वागत नाहीत, ज्यासाठी बोलणी खावी लागतात त्याप्रमाणे वागतात, आणि त्यात अनैसर्गिक काहीच नाही.

माझी विनंती आहे की गोवर-रुबेला आणि बीसीजीच्या वाया गेलेल्या मात्रांबाबत उपकेंद्र पातळीवर खुलासा मागणे बंद करावे, लहान कुप्यांचा पुरवठा विरळ वस्तीच्या आणि आदिवासी भागांकडे आधी वळवावा, आणि प्रत्येक सत्राच्या नोंदीत ‘आलेली परंतु लस न देता परत गेलेली बाळे’ असा एक रकाना सक्तीचा करावा. पुढच्या सत्राला ती बाई पुन्हा येईल असे गृहीत धरणारा माणूस रोजंदारीवर कधी गेलेला नसतो.

त्याच सत्रात दुसरी एक गोष्ट घाईत सुटते. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढे कधी यायचे, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे, आणि कार्ड जपून ठेवून दर वेळी आणायचे. पेंटाव्हॅलंटनंतर बाळाला त्या रात्री ताप येणे, मांडी दुखून ते रडत राहणे हे नेहमीचेच. हे आधी सांगितले आणि पॅरासिटामॉलचे औषध किती द्यायचे ते समजावले, तर आई निभावून नेते. न सांगितल्यास घरातली वडील मंडळी म्हणतात, “चांगलं हसतंखेळतं पोर होतं, सुई देऊन आजारी पाडलं.” पुढच्या वेळी घरातून निघणेच कठीण होते. ज्याला आपण ‘नकार देणारे कुटुंब’ असा शिक्का मारतो, त्यातली कित्येक घरे अशीच तयार झालेली आहेत. नोव्हेंबर २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत मोबाइलवरून पसरलेल्या अफवांनी काही वस्त्यांत जो संशय पेरला, त्याचाही परिणाम आहे, हे मी नाकारत नाही. पण विशिष्ट समाजाच्या वस्त्यांकडे बोट दाखवून हात झटकणे सोपे असते म्हणून ते होते. त्याच वस्त्यांत मशिदीतून आवाहन झाले, उर्दू बोलणाऱ्या ताई दारात गेल्या, तेव्हा लोकांनी दारे उघडली.

ऊसतोड कामगारांच्या बाळांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाळंतीण असली तरी तिला घरी ठेवणे परवडत नाही. बाळाच्या वेळापत्रकाशी हे पंचांग जुळवून पाहा. सप्टेंबरच्या मध्याला जन्मलेल्या बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या तिन्ही मात्रा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरअखेर येतात, आणि त्या वेळी बाळ उसाच्या पाचटावर असते. फेब्रुवारीत कोपीवर (तळावरच्या झोपडीत) जन्मलेल्या बाळाचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस नोव्हेंबरात येतो, तेव्हा कोयता पुन्हा बाहेर पडलेला असतो. मूळ गावच्या आशाताईंसाठी ते बाळ ‘बाहेरगावी’ असते आणि कारखान्याच्या परिसरातील आशाताईंसाठी ते ‘आपल्या गावचे नाही’.

हे बाळ शोधणे अशक्य आहे असे मला सांगू नये. कोणत्या टोळीचा तळ कोणाच्या रानात पडला आहे, तिच्यात किती कोयते आहेत आणि ती उद्या कुठे हलणार आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाकडे रोजच्या रोज असते आणि त्या गटाच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) तर पाठच असते. ऊस वेळेवर गाळपाला यावा म्हणून ही माहिती इतकी चोख ठेवली जाते. ती दर आठवड्याला परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी यासाठी साखर आयुक्तालयाशी बोलून एक आदेश काढण्यास मोठा निधी लागत नाही. मग सिस्टरनी फक्त सत्राची वेळ बदलायची आहे. फडावर माणसे पहाटेच निघून जातात, तळावर ती भेटतात ती संध्याकाळी किंवा बैलगाड्या कारखान्यावर रिकाम्या होण्याची वाट पाहत उभ्या असतात तेव्हा. सत्र तिथे लावावे. वीटभट्ट्यांवरच्या पालघर-नंदुरबारकडील कुटुंबांनाही हाच नियम लागू करता येईल, तिथे मालकाकडे हजेरीची वही असते.

यू-विन या लसीकरण नोंदीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीमुळे हे सगळे आपोआप सुटेल असा एक सूर अलीकडे ऐकू येतो. ही प्रणाली चांगली आहे. एका ठिकाणी नोंदलेल्या बाळाला दुसरीकडे लस घेता येते आणि नोंद तीच राहते, ही सोय माहेर-सासर आणि फड-गाव या दोन्ही अडचणींवर नेमकी लागू पडते. परंतु ती मोबाइल क्रमांकावर उभी आहे, आणि आमच्या लोकांचे सिमकार्ड रिचार्जच्या सवलतीनुसार बदलत असते. पुढच्या लसीचा संदेश बंद पडलेल्या क्रमांकावर जातो आणि पडद्यावर ‘पाठवला’ अशी नोंद होते. शिवाय ज्या बाळाची नोंदच झाली नाही ते बाळ प्रणालीला दिसणार कसे? प्रणालीत भरण्यासाठी नाव आधी दारात जाऊन मिळवावे लागते. सध्या सिस्टरना कागदी रजिस्टर, ड्यू लिस्ट आणि प्रणाली अशा तिन्ही ठिकाणी तेच नाव लिहावे लागते. तुम्ही त्यातले एक जरी काढून घेतले, तर आठवड्यातला अर्धा दिवस फिरतीला मोकळा होईल.

आणि फिरती करणार कोण, हा प्रश्न उरतोच. एका बाळाचे पहिल्या वर्षातील संपूर्ण लसीकरण करून घेतल्याबद्दल आशाताईंना १०० रुपये मिळतात. त्या शंभर रुपयांत किती फेऱ्या, किती फोन, किती आर्जवे बसतात याचा हिशेब ज्यांनी दर ठरवला त्यांनी एकदा स्वतः गल्लीत फिरून करावा. फडावरच्या बाळाला परक्या गावात दिलेल्या एका डोसचा मोबदला तर कोणाच्याच खात्यात धड बसत नाही. शोधलेल्या प्रत्येक नव्या बाळामागे आणि परगावच्या बाळाला दिलेल्या प्रत्येक डोसमागे वेगळा, आणि वेळेवर मिळणारा, मोबदला ठरवावा. शहरांत आशांची रिक्त पदे आधी झोपडपट्टीच्या विभागांत भरावीत. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे होणाऱ्या लसीकरणाची नोंदही यू-विनवर यावी, म्हणजे आधीच लस घेतलेल्या बाळामागे आमच्या ताईंची फेरी वाया जाणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शाखांशी बोलून हे करता येईल.

आता ज्या मुख्य मागणीसाठी हे पत्र लिहिले तिच्याकडे येतो. खरी यादी केली की टक्का घसरतो. हे टळणार नाही. ज्या उपकेंद्रात अंदाजाने साठ बाळे होती आणि सत्तावन्न लसवंत होती, तिथे दारोदार फिरल्यावर बहात्तर बाळे सापडली, तर पंच्याण्णव टक्के होते ते एका दिवसात एकोणऐंशी होतात. काम एका पैशाने कमी झालेले नसते, उलट बारा बाळे अंधारातून यादीत आलेली असतात. तरीही पुढच्या बैठकीत तो तालुका लाल रंगात दिसतो आणि त्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळते. हे माहीत असताना कोणता शहाणा माणूस खरी यादी करील? म्हणून माझी विनंती आहे की आपण लेखी आदेश काढून असे जाहीर करावे की, नव्याने सापडलेल्या बाळांमुळे लसीकरणाची टक्केवारी खाली आल्यास पहिले संपूर्ण वर्ष कोणत्याही कर्मचाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला जबाबदार धरले जाणार नाही, आणि त्या काळात केंद्रांचे मूल्यमापन तीन गोष्टींवर होईल: किती नवी बाळे यादीत आली, पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा घेतलेल्यांपैकी किती बाळांना गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा वेळेत मिळाली, आणि किती बाळे सत्रातून रिकाम्या हाताने परत गेली. असा आदेश तोंडी देऊन उपयोग नाही. तोंडी आश्वासने बदलीबरोबर जातात, हे आपणही जाणता.

यादी खरी आहे की नाही, हे तपासण्याची सोयही त्याच आदेशात असावी. शेजारच्या तालुक्यातील पर्यवेक्षिकांनी दर तिमाहीत काही वस्त्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, तिथली वीस-पंचवीस घरे फिरावीत आणि भेटलेल्या दोन वर्षांखालच्या बाळांची नावे यादीशी ताडून पाहावीत. जे आकडे येतील ते तालुक्याच्या सरासरीत न बुडवता उपकेंद्रनिहाय आणि शहरांत आरोग्य केंद्रनिहाय संकेतस्थळावर ठेवावेत. ग्रामसभेला आणि नगरसेवकाला आपल्या वस्तीची स्थिती कळली, की पाण्याच्या टाकीइतकाच लसीच्या सत्राविषयीही प्रश्न विचारला जाईल.

संपूर्ण राज्यात हे एकाच वेळी सुरू करावे असा माझा आग्रह नाही. मुंबईचा एम पूर्व विभाग, मालेगाव आणि भिवंडी महानगरपालिका, तसेच बीड जिल्हा आणि त्याच्या टोळ्या जिथे जातात ते कोल्हापूर-सांगलीतील काही तालुके, एवढ्यांपासून आरंभ करावा. ऊसतोडीच्या भागासाठी यादीचे काम पावसाळ्यात, म्हणजे टोळ्या गावी असताना, पूर्ण व्हायला हवे. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी ती यादी कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रांच्या हाती पडली पाहिजे, नाहीतर त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम हातचा जाईल. या कामासाठी प्रशिक्षण साहित्य तयार करण्यास किंवा एखाद्या तालुक्यात यादी पडताळणीसाठी फिरण्यास माझ्यासारखे अनेक निवृत्त वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य पर्यवेक्षिका विनामोबदला तयार आहेत. विभागाने बोलावल्यास आम्ही येऊ.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी